मिठाच्या पुलाचे बारा पत्ते

मामाच्या दुकानात कुणाला नावाने हाक मारत नसत. दुकानदाराला सगळे मामाच म्हणायचे; त्याला नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्याने प्रत्येकाला त्याच्या कामावरून नाव देऊन टाकलं होतं. मी टपालखात्यात, म्हणून पोस्टवाला. कवळ्या बनवायचा तो दातवाला. लिफ्ट दुरुस्त करायचा तो लिफ्टवाला. आम्ही तिघं चौदा वर्षं एकाच टेबलावर खेळलो. दातवाल्याचं खरं आडनाव मला कळलं ते लिफ्टवाला गेला त्या दिवशी, हॉस्पिटलच्या कागदावर त्याने साक्षीदार म्हणून सही केली तेव्हा.

खेळ पत्त्यांचा. पण एवढंच सांगितलं की बाहेरचा माणूस लगेच विचारतो, "म्हणजे रमी का?" रमी नाही. या पत्त्यांवर चित्रं असतात, राजे, राक्षस, किल्ले, पूल, आणि प्रत्येक पत्त्याची आपली एक ताकद असते. ते बंद पाकिटात मिळतात. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. साधे पत्ते ढिगाने निघतात, दुर्मिळ पत्ता क्वचित. ज्याने त्याने आपला साठ पत्त्यांचा डेक जुळवायचा आणि समोरच्याशी भिडायचं. दुर्मिळ पत्ते खेळाडू एकमेकांना विकतात, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

दुकान एका ड्रायक्लीनरच्या डोक्यावर होतं. पुढे वह्या, पेनं आणि खेळणी, मागे चार टेबलं. खालच्या इस्त्रीची वाफ फरशीतून वर यायची आणि बाहेर कोरडं ऊन असलं तरी आमचे पत्ते किंचित वाकायचे. दर शनिवारी तीन वाजता आम्ही जमायचो.

दातवाला एका खोलीत एकटाच काम करायचा. डॉक्टर लोक त्याच्याकडे तोंडाचे साचे पाठवायचे. तो त्यात प्लॅस्टर ओतायचा, मेणाची हिरडी करायचा, तिच्यात एकेक दात बसवायचा. लग्न केलं नव्हतं. बोलायला मोजका. एक चाल खेळायला एवढा वेळ लावायचा की लिफ्टवाला मध्येच उठून चहा सांगून यायचा. हात कितीही धुतले तरी त्याच्या नखांत गुलाबी मेण राहायचंच.

लिफ्टवाला अगदी उलट. धाडधाड खेळायचा, हरला की स्वतःच मोठ्याने हसायचा. त्याची बायको घरी सोफ्याची कव्हरं आणि पडदे शिवायची. मूलबाळ नव्हतं. बायकोला स्वतःचं छोटं दुकान काढून द्यायचं हा त्याचा ध्यास होता, आणि ते दुकान कशातून येणार हेही त्याने ठरवून टाकलं होतं. पत्त्यांतून.

ही काही खुळ्याची कल्पना नव्हती. आम्ही खेळायला लागलो तेव्हा पत्ते छापणारी कंपनी वर्षाला नव्या पत्त्यांचे दोन संच काढायची. संच आला की महिना-दोन महिने त्याचीच चर्चा. कुठला पत्ता कशासोबत चालतो ते हळूहळू उमगायचं. तेव्हाच्या एका संचात 'मिठाचा पूल' नावाचा पत्ता होता. दिसायला साधा, पांढरा पूल आणि खाली काळं पाणी. पण जुन्या पद्धतीने खेळणाऱ्या प्रत्येकाला त्याचे चार तरी हवेतच. कंपनीने तो एकदाच छापला, आणि पुन्हा छापणार नाही असं लिहून दिलं. त्याची किंमत दरवर्षी चढत गेली. शेवटी एका पत्त्याला माझा पंधरा दिवसांचा पगार पडायचा. लिफ्टवाल्याने ते तेव्हापासून जमवले होते. दातवाल्याकडे आठ होते.

मग कंपनीला काय झालं कोण जाणे. दोनाचे चार संच झाले, चाराचे आठ. नंतर तर दर सहा आठवड्यांनी नवा. जुना संच समजायच्या आत नव्याची जाहिरात. एकाच पत्त्याचे पाच अवतार: साधा, चकचकीत, सोनेरी किनारीचा, किनार नसलेला, आणि एक तर असा की त्यावरचं वाचताच यायचं नाही.

"हे बघ," लिफ्टवाला एकदा नवा पत्ता डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "यावर एवढं लिहिलंय, की वाचून होईपर्यंत माझी बारी निघून जाते."

"आणि वाचून काय कळलं?" मी विचारलं.

"की माझा मागच्या महिन्यातला डेक आता रद्दीत घालायचा."

हसलो आम्ही, पण हसण्यासारखं नव्हतं. तीन महिने राबून डेक जुळवावा आणि एका नव्या पत्त्याने त्याची माती व्हावी, असं चार-पाचदा झालं. वाढवून वाढवून ठेवलेली ताकद, त्यावर आणखी ताकद. जुने खेळाडू एकेक करून गळाले. शेवटी आम्ही तिघांनी ठरवलं, नवीन खेळायचं नाही. आपले जुने डेक, जुने नियम. लिफ्टवाला मात्र प्रत्येक नव्या संचाचा एखादा खोका न फोडता घरी नेऊन ठेवायचा. "दहा वर्षांनी याचं सोनं होईल," म्हणायचा. मामा मान डोलावून पैसे घ्यायचा.

आता पुढचं मला दातवाल्याने बऱ्याच नंतर सांगितलं. तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी तो वह्या घ्यायला दुकानात गेला. दुकान रिकामं होतं. मामाने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "काल घाऊक व्यापाऱ्याकडे होतो. पुढच्या संचाची यादी डोळ्यांखालून गेली. मिठाचा पूल आहे त्यात."

"शक्यच नाही. कंपनीने लिहून दिलंय."

"लिहून दिलं होतं. आता दुसरं काहीतरी लिहून देतील. तुझ्याकडे आठ आहेत ना? काढून टाक. आणि बोभाटा करू नकोस, माझं नाव येईल."

दातवाल्याने सहा दिवसांत आठही पत्ते विकले, परगावच्या चार जणांना, पूर्ण भावात. लिफ्टवाल्याला सांगायचं त्याच्या मनात होतं, असं तो म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं. पण आधी आपले विकू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. दोघांचे एकोणीस पत्ते एकदम बाजारात आले असते तर लोकांना वास लागला असता, भाव पडला असता. म्हणजे हिशोब चुकीचा नव्हता. शनिवारी सांगायचं ठरलं.

शनिवारी लिफ्टवाला आला तो जिन्यापासूनच ओरडत. त्याने आणखी एक मिठाचा पूल विकत घेतला होता. बारावा. टेबलावर ठेवून त्याने आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"बारा! आता घरी सांगितलंय, पुढच्या वर्षी दुकान. जागासुद्धा बघून ठेवलीय तिने."

मी अभिनंदन केलं. दातवाल्यानेही केलं. पत्ता हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "छान आहे. कोपरे चांगले आहेत."

त्याने तेव्हा तोंड उघडलं असतं तर अजून नऊ दिवस हातात होते.

नऊ दिवसांनी कंपनीने घोषणा केली. मिठाचा पूल पुन्हा येणार, चार प्रकारच्या किनारींत, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या पाकिटात निघेल एवढ्या संख्येने. ज्या पत्त्याला माझा पंधरा दिवसांचा पगार पडायचा तो विकून आठवड्याभराने दोन माणसांचं साधं जेवण आलं असतं तर नशीब. पुढच्या शनिवारी दुकानात सुतकी शांतता होती. लिफ्टवाला आला, खुर्चीत बसला.

"मिठाचाच होता," तो म्हणाला. "विरघळला."

मग तो दातवाल्याकडे वळला. "तुझेही आठ होते ना रे?"

"हो."

"म्हणजे तूही गेलास."

"हो," दातवाला म्हणाला.

लिफ्टवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी आमच्या चहाचे पैसे त्यानेच दिले. "दोघं बुडालोय, निदान सोबत आहे," असं काहीतरी म्हणाला. मला तेव्हा ते मोठ्या मनाचं वाटलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर लिफ्टवाला जास्तीची कामं घ्यायला लागला. रविवारचे फोन, सुट्टीच्या दिवसांची पाळी, दुसऱ्याच्या वाट्याच्या इमारती. दुकानाची जागा बघून ठेवलेली होती, आणि बायकोला 'नाही' म्हणायची त्याची तयारी नव्हती. शनिवारी येऊन तो डोळे चोळत खेळायचा. धाडधाड खेळणं गेलं होतं.

साधारण महिन्याभराने मामाने एक छोटी स्पर्धा ठेवली. परगावहून काही जण आले. त्यांतला एक लिफ्टवाल्याशी खेळला आणि त्याने मिठाचा पूल टाकला, जुन्या छपाईचा. लिफ्टवाला आपली चाल सोडून त्या पत्त्याकडे बघत बसला. उचलून उलटा केला, बोटाने कोपरा चाचपला, परत ठेवला. खेळ संपल्यावर त्या माणसाशी कोपऱ्यात दोन मिनिटं बोलला. मला वाटलं, दोघं मिळून कंपनीला शिव्या देत असतील.

तेव्हापासून तो दर शनिवारी आला की दातवाल्याला एकच विचारायचा. "काय, काही विशेष?"

"नाही. विशेष काय असणार?"

"नाही, सहज विचारलं."

आणि पत्ते पिसायला लागायचा. तीन महिने हे असं चाललं. दातवाल्याला त्यात काही खटकलं का, तेव्हा कळलं नाही. मला नाही खटकलं.

एका बुधवारी लिफ्टवाला अकरा मजल्यांच्या एका ऑफिसच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत काम करत होता. दुपारी फोन उचलेना म्हणून पहारेकरी वर गेला. मशीनला टेकून बसला होता म्हणे, हातात पाना तसाच. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, लक्षात यायलाही वेळ मिळाला नसेल. वय सेहेचाळीस.

दोन महिने गेले. मग त्याची बायको दातवाल्याच्या खोलीवर आली. दारातच उभी राहिली, कारण आत बसायच्या जागेवर कवळ्या सुकत होत्या.

"भावजी, त्यांचे पत्ते विकायचेत. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही येऊन किंमत सांगाल?"

"येतो ना वहिनी. रविवारी येतो. पोस्टवाल्यालाही आणतो."

म्हणून त्या रविवारी सकाळी मी तिथे होतो. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी छतापर्यंत रचलेली कव्हरं, जमिनीवर धाग्यांचे तुकडे. कपाटाचा खालचा कप्पा पूर्ण पत्त्यांचा. बावीस खोके, एकही न फोडलेला. प्लॅस्टिकच्या पानांची चार बाडं. आणि एका चपट्या डबीत बारा मिठाचे पूल.

आम्ही तीन तास जमिनीवर बसून ते वेगळं केलं. दातवाला एकेक पत्ता उजेडाला धरून बघायचा, जसा तो दात बघतो तसा. मी लिहून घेत होतो. वहिनी मशीनवर बसून शिवत होत्या, पण पाय मधेमधे थांबायचा.

"किती होतील?" शेवटी त्यांनी विचारलं.

दातवाल्याने खरं ते सांगितलं. त्या न फोडलेल्या खोक्यांना कुणी विचारत नाही, कारण कंपनीने ते एवढे छापलेत की दुकानांत अजून पडून आहेत. घेतले त्याच्या निम्म्यात गेले तरी खूप. बाडांतले पाच-सहा पत्ते चांगले. मिठाच्या पुलाचं तर काही राहिलंच नाही. सगळं मिळून तीनेक महिन्यांचं घरभाडं निघेल.

"ते म्हणायचे, यात दुकान आहे."

"होतं, वहिनी. मागच्या वर्षीपर्यंत होतं. नंतर कंपनीने..."

"ते मला माहितीये." त्यांनी मशीनवरून पाय काढला. "तुमचे आठ किती दिवस आधी विकलेत, भावजी?"

मला प्रश्नच कळला नाही. मी दातवाल्याकडे बघितलं आणि मग कळला. त्याच्या हातात पत्ता होता तो तसाच राहिला.

"त्या स्पर्धेला एक माणूस आला होता," वहिनी शांतपणे म्हणाल्या. आवाज चढला नाही, हेच ऐकायला जड गेलं. "त्याच्या पत्त्याच्या मागे कोपऱ्यात गुलाबी ठिपका होता. तुमच्या मेणाचा. यांनी बघताक्षणी ओळखला. त्या माणसाला विचारलं, कधी घेतलास? तो म्हणाला, घोषणेच्या आधी दोन आठवडे, जाम फसलो. घरी येऊन मला सांगितलं यांनी. मी म्हटलं, जा, जाब विचारा. म्हणाले, नको. तो स्वतः सांगेल. चौदा वर्षांची ओळख आहे, नाही राहवणार त्याला. मी विचारतो दर शनिवारी, काही विशेष आहे का. सांगेल तो."

दातवाल्याने हातातला पत्ता खाली ठेवला.

"दर शनिवारी घरी आले की मी विचारायची, सांगितलं का? ते म्हणायचे, आज नाही, पुढच्या वेळी सांगेल. शेवटच्या शनिवारीही हेच."

"वहिनी, मी..." दातवाला म्हणाला. "जे पैसे आले ते मी तुम्हाला देतो. सगळे नाही जमणार लगेच. मशीन घेतलं त्यातून, पॉलिशचं. पण देतो."

मला वाटलं त्या नको म्हणतील. माणसं अशा वेळी नको म्हणतात.

"द्या," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणण्याएवढी मोकळी नाही. पण दिलेत म्हणून काही मिटलं, असं समजू नका. आणि यापुढे पोस्टवाल्या भावजींच्या हाती पाठवा. तुम्ही येऊ नका."

मला भावजी आणि त्याला आता नुसतं तुम्ही. त्यालाही ते कळलं असणार.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. मी रागात होतो. म्हटलं, "मला तरी सांगायचंस." बसथांब्यापर्यंत शेजारी शेजारी चाललो आणि आपापल्या बसने गेलो.

त्याने शब्द पाळला हे मात्र सांगायला हवं. स्वतःचे सगळे पत्ते, पहिल्या संचापासूनचे, त्याने मामाला विकले. मामाने ते पडत्या भावात घेतले, आणि घेताना असा चेहरा केला की जणू या प्रकरणाशी त्याचा काही संबंधच नाही. दातवाल्याने ते पैसे माझ्याकडे दिले. मग दर महिन्याला एक पाकीट, दीड वर्ष. मी नेऊन द्यायचो. वहिनी घ्यायच्या, चहा विचारायच्या, त्याच्याबद्दल कधी विचारायच्या नाहीत.

दुकान काही झालं नाही. बघून ठेवलेली जागा दुसऱ्याने घेतली, तिथे आता मोबाइल दुरुस्त करतात. वहिनी बसच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात लागल्या. सकाळी सातला जातात. एकदा म्हणाल्या, तिथलं मशीन चांगलं आहे, पण दिवसभर एकच शिवण, एकच रंग. शेवटचं पाकीट दिलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "आता येत जाऊ नका, भावजी. तुम्ही आलात की मला शनिवार आठवतो." म्हणून मीही जाणं थांबवलं.

मामाने वर्षभरात मागची टेबलं काढून टाकली. दर सहा आठवड्यांनी नवा माल भरायचा, जुना कुणी घ्यायचा नाही, त्यालाही परवडेना. आता तिथे शाळेची दप्तरं टांगलेली असतात.

त्यानंतर दातवाल्याकडे मी एकदाच गेलो. माझ्या तीन खोट्या दातांची पट्टी हिरडीला लागत होती, आणि डॉक्टरांनी ती त्याच्याकडेच बनवून घेतली होती. त्याने ती हातात घेतली, कुठे लागतं ते विचारलं, मेणाच्या पेन्सिलीने खूण केली. शनिवार होता. शनिवारी तो आता काम करतो.

मी विचारलं, "तो एवढं विचारत होता. एकदाही कळलं नाही तुला?"

"दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं," तो म्हणाला. "त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं."

"मग?"

तो पट्टी उजेडाला धरून बघत राहिला.

"तो ओरडला असता तर मी सांगून टाकलं असतं. तो हसून विचारायचा. मला वाटायचं, आज असाच हसतोय, आज चांगलं चाललंय, आजचा दिवस जाऊ दे. पुढच्या शनिवारी बघू."

मग त्याने घासायचं मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढे बोलता येण्यासारखं नव्हतं. पट्टी घासून, धुऊन, पुसून त्याने माझ्या हातात दिली. मी ती बसवली, मान हलवली, जिना उतरलो. पुढच्या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं, दुसरीकडून बनवून घ्या.